सायलेन्सरच्या उष्णतेचं किट: माझे ३४,००० गेले, तुमचे वाचवा

किट २८,५००, फिटिंग ३,५००, 'ट्यूनिंग'चे २,०००. एकूण ३४,००० रुपये. अकरा वर्षं टॅक्सी चालवतोय, नवखा नाही. म्हणूनच लिहायला लाज वाटतेय.

गॅरेजवाल्याचं अर्धं बोलणं खरं होतं, तिथेच मी सापडलो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुरातून वाया जातो, हे खरंच. टर्बोचार्जर त्याच धुरावर फिरतो, हेही खरं. मग म्हणाला, "पाइपवर चकत्या बसवतो, उष्णतेची वीज होईल, अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राचा, भार उतरेल. ॲव्हरेज ३० टक्के वाढणार." पेट्रोलचे भाव आणि मुलीची फी डोळ्यांपुढे असताना कोण ऐकणार नाही?

कळायला हवं होतं ते तिथेच. गाडी सुरू केली आणि नवा मीटर लगेच १४ व्होल्ट दाखवू लागला. मी खाली वाकून चकत्यांजवळ पाइपला हात लावला. गार! गार पाइपातून उष्णतेची वीज येईल कुठून? तो अल्टरनेटरचाच व्होल्टेज होता. स्वतःच्या हाताला कळलेलं मी मनावर घेतलं नाही आणि पैसे मोजले. रात्री झोपताना अजून तोच गार पाइप आठवतो.

ॲव्हरेज १५.२ वरून १४.६ वर आलं, खंबाटकी चढताना गाडी दम तोडायला लागली. दुसऱ्या मेकॅनिकने उघडून दाखवलं: चकत्यांवर १२७०६ छापलेलं. छोट्या फ्रिजमधल्या, थंड करायच्या चकत्या! सायलेन्सरच्या तापाने आतलं सोल्डर वितळलेलं. त्या बसाव्यात म्हणून पाइप कापून चपटा तुकडा वेल्ड केलेला, त्यात धूर तुंबत होता. खऱ्या, ताप सोसणाऱ्या चकत्याही जेमतेम पाच टक्के उष्णतेची वीज करतात आणि त्यांची दुसरी बाजू गार ठेवावी लागते. तशी सोय दिसली नाही तर तिथूनच परत फिरा. पाइप पूर्ववत करायला आणखी १,८०० गेले.

चौकीत तीन खेपा घातल्या. "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." साधा अर्जही घेतला नाही. परिवहन कार्यालयात तर उलट मलाच दरडावलं, विनापरवानगी बदल का केला म्हणून. लुबाडणारा दुकान उघडून बसलाय आणि जाब मी द्यायचा? आम्ही कर भरतो तो कशासाठी?

पक्कं बिल घ्याच. मी २०,००० त्याच्या खासगी खात्यावर टाकले, १४,००० रोख दिले. हातात फक्त लेटरहेडवरची गॅरंटी, तीही जीएसटी नंबराशिवाय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथला अर्ज भरतोय, जळक्या चकत्या पिशवीत जपून ठेवल्यात.