दुचाकीच्या चार्जिंगच्या तपासणीसाठी डीटी ८३०डी मल्टिमीटर

दुचाकीची बॅटरी वारंवार उतरू लागली की आपल्याकडे आधी बॅटरी बदलली जाते, मग रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारे चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग), आणि मूळ दोष मात्र अनेकदा काट चढलेल्या एखाद्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, तसाच राहतो. तो घरच्या घरी शोधता यावा म्हणून दोन-तीनशे रुपयांत मिळणारा पिवळा डीटी ८३०डी मल्टिमीटर मी घेतला. व्होल्टेज मोजण्यापुरता तो नक्कीच विश्वासार्ह आहे.

पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर नेल्यावर हा आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. माझ्या गाडीत हेडलाइट लावल्यावर तो १३.१ च्या पुढे सरकत नव्हता. अशा वेळी व्होल्टेज ड्रॉपची चाचणीच कामी येते : हेडलाइट चालू ठेवून इंजिन रेस करावे, मीटरचा लाल प्रोब (टोकदार पिन असलेली वायर) रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह आउटपुटला आणि काळा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावा, म्हणजे मधल्या वायरिंगमध्ये किती व्होल्ट वाया जातात ते थेट स्क्रीनवर दिसते. ०.२ ते ०.३ पर्यंतची घट चालते, येथे ०.९ होती. कपलर उघडला तेव्हा एक पिन हिरवी पडलेली आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक उष्णतेने तपकिरी झालेले आढळले. पिन बदलून घट्ट बसवल्यावर घट ०.०८ वर आली आणि बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळू लागले. केवळ कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग जोडलेली आहे की नाही एवढेच, पाहून हे कळले नसते, कारण लोड नसताना, म्हणजे वायरीतून मोठा प्रवाह जात नसताना, अर्धवट तुटलेली वायरही ठीकच दिसते. अर्थिंगची तपासणीही याच रीतीने, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत करावी.

ओहमच्या बाबतीत मात्र या मीटरवर विसंबू नये. स्टेटर कॉइलचा (इंजिनमधल्या, वीज तयार करणाऱ्या तारांच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स अनेक गाड्यांत एक ओहमच्याही खाली असतो आणि प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स त्यात मिसळतो. त्याऐवजी स्टेटरचा कपलर काढून, इंजिन चालू ठेवून, तिन्ही पिवळ्या वायरींमध्ये दोन-दोनच्या जोडीने एसी व्होल्टेज मोजावे. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिला असताना बॅटरीला लावल्यास थेट शॉर्ट होतो, आणि त्या सॉकेटला फ्यूज नसतो. माझ्या मते हा या मीटरमधला सर्वांत गंभीर दोष आहे. शिवाय आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरत आली की आकडे वाढीव दिसतात, त्यामुळे ती बदलून पाहिल्याशिवाय रेग्युलेटर ओव्हरचार्ज करत असल्याचा निष्कर्ष काढू नये.