जळगावचं टूल्सचं दुकान अन् कोबाल्टचं ड्रिल बिट, सहा महिने वापरून

चाळीसगावला माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, रसवंतीचे काउंटर, हॉटेलची सिंकं असली कामं. मार्चमध्ये ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या ३ एमएम पत्र्याला ८ एमएमची चाळीसेक भोकं पाडायची होती, ऑनलाइन मागवलेला सोनेरी बिटांचा सेट लावला, तिसऱ्याच भोकाला टोक निळं पडलं अन् मग नुसतं घासत बसलं. दिवसभरात पाच बिटं गेली. दुसऱ्या दिवशी जळगाव गाठलं. दुकानाचं नाव टाकत नाही, दुकानवाल्या काकांना ते आवडायचं नाही.

काका आधी भुसावळला रेल्वेत टर्नर होते. बिट दाखवायच्या आधी विचारलं मशीन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) चालवतो, मी म्हटलं २८००, तर म्हणे "तुले घाई कसानी शे भो?" ३०४ ला वेगात घासलं की तो जागेवरच कडक होतो, मग कसलंही बिट टेकवा, आत जात नाही. ८ च्या भोकाला ४००-५०० पुरे, दाब सोडायचा नाही, कटिंग ऑइल टाकत राहायचं.

अन् सोनेरी रंग म्हणजे नुसता टायटॅनियम नायट्राइडचा वरचा थर, एकदा धार लावली की टोकावरून गेला. आपल्या जळगावात सोनं रंगावरून कोणी घेतं का, हॉलमार्क बघतो ना, तसाच बिटावर ग्रेड बघायचा. साधं चांगलं एचएसएस (हाय स्पीड स्टील, बिटाचं पोलाद) म्हणजे एम २ ग्रेड, त्यात साधारण ६ टक्के टंगस्टन अन् ५ टक्के मॉलिब्डेनम. एम ३५ मध्ये वरून ५ टक्के कोबाल्ट, म्हणून तापलं तरी धार टिकते.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून काकांनी पार मुळापासून सांगितलं. पूर्वी कार्बन स्टीलची हत्यारं अडीचशे डिग्रीच्या आसपास तापली की मऊ पडायची. १८६८ ला इंग्लंडात रॉबर्ट मशेटने टंगस्टन घालून असं पोलाद काढलं की पाणी पाजायची गरजच नाही, हवेतच कडक व्हायचं. पुढे अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये टेलर अन् व्हाइट यांनी तसलंच पोलाद पार वितळायच्या जवळपास तापवून बघितलं, सगळ्यांना वाटायचं एवढ्या तापाने माल वाया जाईल, झालं उलटंच, एचएसएस तिथूनच निघालं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात टोक लालभडक होऊनही लेथवर कापत होतं, लोक बघतच राहिले. स्टेनलेस त्यानंतरचं. १९१३ ला शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून क्रोमियम घालून बघत होता, हाती लागलं न गंजणारं पोलाद. आपलं १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलवालं अजून नंतरचं.

मला हे तेव्हा जरा लांबण वाटलं, पण शेडवर येऊन त्यांच्याकडचं एम ३५ चं बिट काकांच्या पद्धतीने चालवलं अन् चाळीस भोकं एकाच बिटात झाली, वर त्याच बिटाला तीनदा धार लावून अजून वापरतोय.

तक्रारी पण आहेत. किंमत साध्याच्या जवळपास तिप्पट. एम ३५ ठिसूळ असतं, हँड ड्रिल जरा तिरपं झालं की कट्टकन तुटतं, माझं ५ चं असंच गेलं, तेव्हा स्टँड ड्रिल नसेल तर घेऊच नका. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. अन् दुपारी १ ते ४ काका जेवून झोपतात, शटर वाजवलं तरी उठत नाहीत, लांबून येणाऱ्यांनी सकाळचीच गाडी धरा.