छोटा टॅबलेट की जुनं क्रोमबुक?

बडोद्यात दांडिया बाजारातून रोज विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी माझा कौल गॅलेक्सी टॅब ए९ ला. ८.७ इंची पडदा, वजन ३३२ ग्रॅम. बसमध्ये उभ्याउभ्या एका हातात धरून पीडीएफ वाचता येते, बोलून मराठी टाइपही होतं. ४ जीबी रॅमऐवजी ८ जीबीचा मिळाला तर तोच घ्या.

प्रबंध लिहायचा असेल तर मात्र जुनं ११.६ इंची क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, बरं. किलोभर ओझं खरं, पण कळफलक हाताखाली बसतो! फक्त विकत घेण्याआधी सेटिंग्जमध्ये अपडेटची शेवटची तारीख बघाच. गूगलच्या अपडेटची १० वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतला मूळ हार्डवेअर संच) बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या खरेदीपासून नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.