उत्तरेच्या भिंतीचा पत्रा: रंगवावा, बदलावा की एफआरपी (फायबरग्लासचा पत्रा) लावावा?

लोटे, महाड, रोहा या कोकणातल्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात पावसाळा उलटला की शेडची दक्षिणेची बाजू धडधाकट दिसते आणि उत्तरेच्या भिंतीला खालून हातभर तांबूस पट्टा उमटलेला असतो. वर्षातला बराच काळ या भिंतीला ऊन मिळत नाही. मे ते जुलै सूर्य उत्तरेकडे झुकतो खरा, पण जूनपासून ढगच. थंडीत पहाटेचं दव दुपारपर्यंत पत्र्यावर तसंच राहतं. वळचणीखालचा भागही फसवा असतो: तिथे पाऊस पोचत नाही, त्यामुळे बसलेली धूळ आणि रासायनिक धुराची पुटं धुऊन जात नाहीत.

खर्चाचा आकडा काढण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खालच्या जोडावर टोक जोरात दाबा. पत्रा टणक लागला तर रंगाचा विचार करा. टोक आत गेलं तर रंगावर एक रुपयाही घालू नका.

रंगकाम सगळ्यांत स्वस्त, आणि सगळ्यांत जास्त फसतं तेही हेच. जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या) पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला की जस्त आणि रंगातलं तेल यांच्यात साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटतात. सैल गंज वायर ब्रशने काढा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग एपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त हवं. एकदा फेब्रुवारीत सकाळी साडेआठला रंगारी ब्रश बुडवून तयार होता. मी पत्र्यावर तळवा टेकवला तर तो ओला झाला. काम अकरापर्यंत थांबवलं. कोरडा दिसणारा पत्रा सावलीत असा दगा देतो.

बदलायचाच असेल तर साध्या जीआयपेक्षा गॅल्व्हल्यूमवरचा कलर कोटेड पत्रा मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याच्या लेपात वजनाने 55 टक्के ॲल्युमिनियम असतं, उरलेलं बहुतेक जस्त. कोटिंग 150 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मागा. हा आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. मात्र ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, म्हणून प्लिंथच्या (जोत्याच्या) गिलाव्यात पत्र्याची कड कधीही पुरू नका. ग्राइंडरने कापलात तर उडालेली किट्टी (लोखंडाचा कीस) त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात ठिपके उमटतात.

एफआरपी गंजत नाही. उन्हाने तो खराब होतो, आणि उत्तरेला तो त्रास कमी. ॲसिडच्या टाक्या किंवा पिकलिंगच्या (धातू ॲसिडमध्ये बुडवून साफ करण्याच्या) बाथला लागून असलेल्या भिंतीला मी हाच लावेन. पण तो पेट घेतो, त्यामुळे सॉल्व्हंटचा साठा किंवा वेल्डिंग जवळ असेल तर नकोच.

तिन्हींत काहीही निवडा, पत्र्याची खालची कड प्लिंथपासून 50 मिमी वर ठेवा आणि फट फ्लॅशिंगने (वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीने) झाका. भिंतीलगतचं गवत काढून खडी पसरा, गळकी पन्हळ आधी दुरुस्त करा. कोटेशनमध्ये स्क्रूची ओळ वेगळी मागा: पत्रा चांगला आणि स्क्रू साध्या प्लेटिंगचा असेल, तर गंजाचे ओघळ स्क्रूच्या डोक्यापासूनच सुरू होतात.