ऑब्झर्व्हेशनच्या कोडिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम : डॉक्टरांचे बिल पक्के, रुग्णालयाचे कच्चे

अमेरिकी रुग्णालयांच्या फायली पुण्यात बसून रात्रपाळीत कोड करणाऱ्या, म्हणजे उपचारांना बिलासाठीचे ठरावीक क्रमांक देणाऱ्या, आमच्यासारख्यांना ऑब्झर्व्हेशनची केस समोर आली की आजही थोडे थांबावे लागते. रुग्ण रात्रभर वॉर्डातल्या खाटेवर असतो, सलाइन चालू असते, परंतु मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य विम्याच्या) लेखी तो भरती झालेला, म्हणजे आंतररुग्ण, नसून बाह्यरुग्णच असतो. हा गुंता सोडवून देण्याचे आश्वासन देणारा एका खासगी संस्थेचा चार शनिवारांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यात काही दोष सांगायचे असल्याने संस्थेचे नाव लिहीत नाही.

डॉक्टरांच्या बिलाचा भाग उत्तम शिकवला, हे आधी मान्य करतो. १ जानेवारी २०२३ पासून ९९२१८ ते ९९२२० आणि ९९२२४ ते ९९२२६ हे ऑब्झर्व्हेशनचे स्वतंत्र कोड, तसेच डिस्चार्जचा ९९२१७, रद्द झाले आणि आंतररुग्ण व ऑब्झर्व्हेशन या दोहोंसाठी ९९२२१ ते ९९२२३ (पहिली भेट), ९९२३१ ते ९९२३३ (नंतरच्या दिवसांच्या भेटी) आणि ९९२३८-९९२३९ (डिस्चार्ज) हे एकच संच राहिले. हा बदल शिकवणाऱ्या मॅडमनी नुसता वाचून दाखवला नाही, तर एकच चार्ट (रुग्णाची नोंद) जुन्या आणि नव्या पद्धतीने शेजारी-शेजारी सोडवून घेतला. वेळेच्या आधारे कोड निवडायचा असल्यास पहिल्या दिवशीच्या तीन कोडांना अनुक्रमे ४०, ५५ आणि ७५ मिनिटे लागतात, हे मला आता चिठ्ठी न पाहता आठवते.

मेडिकेअरच्या आठ तासांच्या नियमावर खर्च केलेला एक तास तर संपूर्ण शुल्क वसूल करणारा होता. रात्री ११ वाजता ऑब्झर्व्हेशनमध्ये घेतलेला रुग्ण पहाटे ५ वाजता घरी गेला, तर तारीख बदलली म्हणून डिस्चार्जचा कोड लावण्याचा मोह होतोच; परंतु मुक्काम आठ तासांहून कमी असल्याने पहिल्या भेटीचा कोड तेवढा लावायचा. एकाच तारखेत आठ किंवा अधिक तास झाले, तर मात्र ९९२३४ ते ९९२३६ यांतील कोड लावायचा. आमच्या टीममध्ये यावरून किती वाद झाले आहेत, ते आम्हालाच ठाऊक!

रुग्णालयाच्या बिलाकडे वळताच मात्र शिकवणीची पकड सुटते. तेथे जी०३७८ या कोडाखाली तास मोजायचे असतात आणि खरी चूक तेथेच होते. सरावाच्या एका चार्टमध्ये रात्री १० ते दुसऱ्या दिवशी दुपारी ४ असा मुक्काम होता आणि सकाळी ९ ते ११ या वेळात कोलोनोस्कोपी व तिच्यानंतरची देखरेख झाली होती. उत्तरपत्रिकेत १८ युनिट (एक तास म्हणजे एक युनिट) छापले होते. ज्या प्रक्रियेत सक्रिय देखरेख अंगभूतच असते, तिचा वेळ ऑब्झर्व्हेशनमधून वजा करावा लागतो. म्हणजे उत्तर १६ हवे होते. मी प्रश्न विचारला, तेव्हा मॅडमनी चूक लगेच कबूल केली, परंतु पुढच्या शनिवारी आलेल्या पीडीएफमध्ये १८ तसेच होते. थेट ऑब्झर्व्हेशनमध्ये पाठवलेल्या रुग्णाचा कोड जी०३७९ एका स्लाइडवर उरकला गेला आणि कंडिशन कोड ४४ तर ओझरताही आला नाही. डिस्चार्जपूर्वी आंतररुग्णाचा दर्जा बदलून बाह्यरुग्ण केला जातो, त्या प्रसंगासाठी हा कोड असतो आणि आमच्या रांगेत अशा केस नेमाने येतात.

रुग्णाच्या बाजूचा विचार मात्र शेवटच्या शनिवारी अनपेक्षितपणे चांगला झाला. ऑब्झर्व्हेशनचे दिवस नर्सिंग फॅसिलिटीच्या (रुग्णालयानंतरच्या शुश्रूषा केंद्राच्या) खर्चासाठी लागणाऱ्या तीन दिवसांच्या आंतररुग्ण मुक्कामात मेडिकेअर धरत नाही. २४ तासांहून अधिक ऑब्झर्व्हेशन झालेल्या रुग्णाला ३६ तासांच्या आत मून (MOON) नावाची, तो बाह्यरुग्ण असल्याचे कळवणारी लेखी सूचना द्यावी लागते, ती याचसाठी. आपण टाकलेल्या कोडामागे कोणाची तरी म्हातारी आई असते, ही जाणीव आमच्या कामात दुर्मीळ आहे.

डॉक्टरांचे चार्ट पाहणाऱ्या नवख्या कोडरने हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. रुग्णालयाच्या बिलावर काम करणाऱ्याने तासांच्या हिशेबाची तयारी स्वतंत्रपणे करावी आणि त्या पीडीएफमधील उत्तरे मेडिकेअरच्या नियमपुस्तिकेशी ताडून पाहिल्याखेरीज वापरू नयेत.