सात महिने रोज मूल्यांचं रजिस्टर लिहून पाहिलं, त्याचा अनुभव

मूल्यांचं रजिस्टर म्हणजे आपण खरं कशाला महत्त्व देतो ते रोज लिहून तपासायचं. दिवाळी झाल्यावर सुरू केलं होतं, आता मृग लागला. मधे घरचं एक लग्न आणि एकदा ताप धरून वीसेक दिवस सुटले असतील, बाकी रोज लिहिलं. मी नागपूरला धरमपेठेत तीन जणांचा छोटा डिझाइन स्टुडिओ चालवते, ॲपचे स्क्रीन, पॅकेजिंग, लग्नपत्रिका, जे येईल ते. कारण काही आध्यात्मिक वगैरे नव्हतं, रात्री झोप लागत नव्हती आणि नेमकं कशाचं वाईट वाटून राहिलं तेच समजत नव्हतं.

आधी त्यासाठी एक ॲप घेतलं होतं. नाव नाही सांगत. निळा रंग, मागे बासरी, सात दिवस फुकट मग पैसे. एक दिवस लिहिलं नाही तर रात्री साडेदहाला नोटिफिकेशन, "आज स्वतःसाठी पाच मिनिटंही नाहीत?" बंद करायला गेली तर कॅन्सल सेटिंगच्या पार आत, आणि बटणावर लिहिलेलं, "नको, मला शांतता नको". मी एकटीच बसून हसली. म्हणजे मूल्यं शिकवणारं ॲप आणि स्वतःच डार्क पॅटर्न! हा शब्द हॅरी ब्रिग्नलने २०१० मध्ये काढला, माणसाला फसवून किंवा लाजवून हवं ते करून घेणारे स्क्रीन. हसू आलं ते यासाठी की असे स्क्रीन मी पण केलेत.

मग सीताबर्डीतून साधं जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. पहिल्या पानावर पाच शब्द लिहिले, प्रामाणिकपणा, सर्जनशीलता, कुटुंब, साधेपणा, स्वातंत्र्य. एकदम छान अक्षरात. आणि खरं सांगते, पहिला दीड महिना पूर्ण वाया गेला. "आज मी जास्त सजग होते", "वापरणाऱ्याचा विचार करायला हवा", असली वाक्यं. ती कोणीही, कोणत्याही दिवशी लिहू शकतं. स्वतःलाच शाळेतला निबंध देऊन राहिल्यासारखं.

जानेवारीत एका क्लायंटचं बुकिंगचं काम होतं. पैसे भरायच्या आधी विम्याची खिडकी, "हो, घ्या" हिरव्या मोठ्या बटणात आणि "नको" खाली बारीक फिक्या राखाडी अक्षरात. मीच केलेलं. त्या दिवशी मोठं वाक्य सुचत नव्हतं म्हणून तेवढंच लिहिलं, "नको फिकं केलं." मग राहवलं नाही, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर नि मागचा रंग यांतला फरक, मोजला, २.३ आला. साध्या अक्षराला कमीत कमी ४.५ पाहिजे, हे मी स्वतः स्टुडिओतल्या पोरांना शिकवते, वेबची ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे कमी दिसणाऱ्यालाही वापरता यावं हे, पाळायची तर तेवढा लागतोच. माझ्या बाबांना मोतीबिंदू आहे. त्यांना ते "नको" दिसलंच नसतं.

तेव्हापासून नियम एकच, रोज एक खरा निर्णय लिहायचा, कोणता स्क्रीन, कोणतं बटण, कोणाला फोनवर काय म्हटलं, आणि त्याचा भुर्दंड कोणाला. मूल्याचं नाव लिहायचंच नाही. महिन्याच्या शेवटी पानं चाळायची आणि कोणता शब्द सारखा येऊन राहिला ते पाहायचं. फेब्रुवारीच्या शेवटी पाहिलं तर सर्जनशीलतेशी जुळेल अशी नोंद एकही नाही! "पेमेंट" अकरा वेळा, "बाबांचा फोन उचलला नाही" सहा वेळा. पहिल्या पानावरची सर्जनशीलता खोडली आणि तिथे "पोरांचा पगार ५ तारखेला" लिहिलं. दिसायला एकदम किराणा दुकानासारखं आहे पण निदान खरं आहे.

आता विम्याच्या खिडकीचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत, खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, आणि हे बटण फिकं करून लपवणं पण आहे. ते छापून नेलं. क्लायंट म्हणे, "ताई, हे मोठ्या कंपन्यांसाठी असते." नसते, भारतात माल नि सेवा विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे ते. शेवटी दोन्ही बटणं सारखी झाली. पण मार्चमध्ये दुसऱ्या कामात शेवटच्या पायरीवरच शुल्क दाखवायचं होतं, हा पण त्याच तेरामधला, आणि ते मी केलं. रजिस्टरमध्ये आहे, "केलं. पगार होते." हे पान मी फाडलं नाही एवढंच.

घरच्या बाजूने जे सापडलं ते जास्त लागलं. एप्रिलमधली नोंद आहे, मुलगा जेवत नव्हता तर मी म्हटलं, "बरं, नको जेवू, आई पण उपाशी झोपते." लिहिता लिहिता हात थांबला. "नको, मला शांतता नको" आणि हे, दोन्ही एकच आहे की बाप्पा! ॲपवर हसत होती मी.

सजगता, श्वास मोजणं वगैरे मला जमलं नाही. डोळे मिटले की जीएसटीच आठवते. हिवाळ्यात गच्चीवर उन्हात बसून लिहायची ते बरं होतं, पण खरी घडी बसली ती कूलर लागल्यावर. सकाळी टाकीत पाइप सोडला की दहा मिनिटं कुठे जाता येत नाही, मोबाइल ओल्या हातात धरता येत नाही, वाळ्याचा वास येतो, तिथेच स्टुलावर बसून लिहायचं. एकदा लिहिण्याच्या नादात टाकी भरून वाहिली, खालच्या काकू ओरडल्या, मेमधली चार पानं अजून फुगलेली आहेत. आई आली की म्हणते, "काय लिहून राहिली वं रोज, उधारी का?" तसं म्हटलं तर उधारीच.

स्टुडिओतल्या दोघांना पण करायला लावलं होतं, ती माझी चूक. साहेबीण वाचेल या भीतीने ते गोडगोड लिहायचे. पंधरा दिवसांत बंद केलं. हे ज्याचं त्याने, कुलपात ठेवून.

एक गोष्ट अजून सुटली नाही. केन गार्लंड नावाच्या ब्रिटिश डिझायनरने १९६४ मध्ये जाहीरनामा काढला होता, की आमचं कसब मांजरीचं खाणं, पोटाच्या पावडरी नि पट्ट्यापट्ट्याच्या टूथपेस्टवर वाया चाललंय. वाचलं तेव्हा पटलं. पण माझी पहिली कमाई हाजमा चूर्णाच्या लेबलची आहे आणि ते लेबल मला आजही आवडते. याचं काय करायचं ते तीन वेळा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा अर्ध्यावर सोडलं.

रजिस्टरची चौदा पानं उरलीत. दुसरं आणायचं आहे, या वेळी बिनरेघांचं. आणि पाऊस लागला की कूलर उतरेल, तेव्हा सकाळची दहा मिनिटं कुठे बसायचं ते अजून ठरलं नाही.