१२ डॉलरचा मेकॅनिक स्टेथोस्कोप: मिआटाची कुरकुर शेवटी सापडली

गाडी माझदा मिआटा, २००२ चं मॉडेल, दुसऱ्या पिढीतली, १.८ लिटर, मॅन्युअल गिअर. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे वीस वर्षं उलटलेल्या गाडीच्या पोटाखाली काय अवस्था असते ते वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरपासून पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज यायला लागला. झोपाळ्याच्या कड्यांना तेल नसलं की प्रत्येक झोक्याला कसं कुईंऽऽक होतं, अगदी तसा. ड्राइव्हवेवरून रस्त्यावर उतरताना यायचा, स्पीड ब्रेकरवर यायचा, हायवेला लागलं की काही नाही. आणि ही गाडी छप्पर उघडून चालवायची, मग आवाज थेट कानातच.

आधी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी लिफ्टवर घेतली, चाकं हलवून बघितली आणि सांगितलं चारही शॉक (धक्के शोषणारे दांडे) गेलेत, १४०० डॉलर. मला काही पटेना, कारण शॉकवर तेलाचा एक थेंब नव्हता आणि बॉनेट दाबून सोडलं की गाडी एकदा वर येऊन गप्प बसायची, डोलत राहायची नाही. शिवाय लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना तो आवाज आलाच नव्हता, मग त्यांनी ऐकलं काय? पैसे न भरता घरी आलो.

आमच्या साताऱ्याला एक मिस्त्री होते, ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचे आणि मूठ कानाला लावून ऐकायचे, कुठला टॅपेट वाजतोय ते बोट ठेवून सांगायचे. लहानपणी मला ती जादूच वाटायची. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप म्हणजे तेच, फक्त दोन्ही कानांना. डॉक्टरांचा असतो तशीच नळी, पण छातीला लावायच्या चकतीच्या जागी एक डबी आणि तिच्यातून निघालेली फूटभर लांब बारीक लोखंडी सळई. हवेतून येणारा आवाज चहूकडून येतो, पण लोखंडातून येणारा आवाज जिथून सुरू होतो तिथे सगळ्यात जोरात असतो, सगळी गंमत एवढीच आहे. मला १२ डॉलरला मिळाला.

आता वापरायचा कसा हे नीट सांगतो, कारण चुकीचा वापरला तर उपयोग शून्य. गाडीचं वजन चाकांवरच पाहिजे. जॅकने उचलली की चाकाला गाडीशी जोडणारे आर्म खाली लोंबतात, त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश वेगळ्याच कोनात जातात आणि कुरकुर गायब होते. मी पुढची चाकं रॅम्पवर चढवली, हँडब्रेक, गिअरमध्ये, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधी म्हणजे कधीच जाऊ नका.) बायको बंपरपाशी उभी राहून हळूहळू दाबत होती आणि मी बाजूला आडवा पडून फक्त हात आत घालून सळई एकेका ठिकाणी टेकवत होतो.

मिआटाला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात वर एक आर्म, खाली एक आर्म, प्रत्येकाला रबराचे बुश, चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा), शिवाय स्वे बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला आडवा दांडा) आणि त्याला आर्मशी जोडणाऱ्या लिंका. आवाज काढू शकतील अशा जागा भरपूर. पहिला अर्धा तास माझा नुसता गोंधळ झाला कारण जिथे टेकवावं तिथे कुईं ऐकू येत होतं, लोखंड सगळं एकमेकांना जोडलेलं आहे ना. मग लक्षात आलं की आवाज येतोय का हे विचारायचंच नाही, कुठे जास्त येतोय ते बघायचं. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टवर मध्यम. वरच्या आर्मवर दबका. आणि स्वे बारला बॉडीशी धरून ठेवणारी जी पट्टी असते तिच्यावर टेकवली तर कानातून नळी ओढून काढावी लागली इतका जोरात!

तरी खात्री करायला दोन गोष्टी केल्या. एक, बाटलीने फक्त त्याच बुशवर पाणी मारलं, पुढच्या दाबाला आवाज बंद. कोरड्या रबराची कुरकुर ओलं झालं की थांबते, म्हणूनच पावसात गाडी गप्प असायची हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दुसरं म्हणजे दोन्हीकडच्या लिंका सोडून पुन्हा दाबली, बार हलत नाही म्हटल्यावर तो आवाज नाहीच.

पट्टी काढली तर बुशच्या आत वाळू, गंज आणि कडक झालेलं चकचकीत रबर. बारवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, नवीन रबरी बुश, आतून सिलिकोन ग्रीसचा पातळ हात. साधं पेट्रोलियमवालं ग्रीस किंवा स्प्रे रबराला लावू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं, दोन आठवडे शांतता आणि मग आधीपेक्षा वाईट. पॉलियुरेथेनचे बुश घेतलेत तर ग्रीस लागतंच लागतं, ते कोरडे पडले की रबरापेक्षा जास्त ओरडतात. मी रबरच घेतलं, रोजच्या रस्त्याला तेच बरं.

पण खरं सांगायचं तर एवढ्यावर संपलं नाही. आठवड्याने लक्षात आलं की मोठा आवाज गेल्यावर त्याच्यामागे दडलेला एक बारीक कर्रर उरलाय, स्टिअरिंग वळवताना आणि अगदी हळू वेगात. पुन्हा रॅम्प, पुन्हा बायको, यावेळी सळई खालच्या बॉल जॉइंटवर. हा आवाज ऐकूनच पोटात गोळा आला, कुईं नव्हतं, खडे चावल्यासारखं होतं. बोट ठेवलं तर बोटाला जाणवत होतं. रबरी टोपी फाटलेली आणि आतलं ग्रीस तपकिरी पाणी झालेलं. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, म्हणजे त्या कोपऱ्याचं वजन खालचा बॉल जॉइंट पेलतो, तो सुटला तर चाकच आडवं होतं. माझी मुलगी त्या बाजूच्या सीटवर बसत नाही, पण तरी, तिला घेऊन मी हीच गाडी चालवत होतो. दोन्ही बाजूंचे बदलून घेतले आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली. याला ग्रीस भरून चालढकल करू नका, कुरकुर बुशची असेल तर वेळ काढता येतो, बॉल जॉइंटची असेल तर नाही.

आणखी एक, आर्मचे बुश कोणी बदलत असाल तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

आता वस्तूबद्दल तक्रारी. सळई दोन तुकड्यांची आहे, मधला आटा सैल झाला की ती स्वतःच झणझणते आणि तुम्ही नसलेला आवाज शोधत बसता, दर वेळी हाताने आवळून घ्या. कानात जायच्या गोळ्या कडक प्लास्टिकच्या, दहा मिनिटांत कान दुखतात, मी मऊ सिलिकोनच्या आणून बसवल्या. सळई चुकून कशावर आपटली की कानात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखं होतं. इंजिन चालू असेल तर पंखा आणि बेल्टपासून नळी लांब ठेवा. आणि चालत्या गाडीतच येणारे आवाज याने सापडणार नाहीत, त्यासाठी चिमट्याने लावायचे वायरलेस माइक मिळतात, ते महाग आहेत.

पण उभ्या गाडीला दाबून आवाज काढता येत असेल तर आधी हा घ्या, पार्ट नंतर मागवा. बुश, ग्रीस, दोन बॉल जॉइंट आणि अलाइनमेंट धरून माझे ३०० डॉलरच्या आत झाले. शॉक जुनेच आहेत, काल छप्पर उघडून ड्राइव्हवेवरून उतरलो, तर फक्त टायरखालची खडी वाजली.